त्या सहा जणींचं काय?

"एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस!" मोजत मोजत मी गोटुलच्या, म्हणजे गोंडांच्या सभामंडपाच्या, शेवटच्या खांबापाशी पोहोचले आणि जोरात टाळी वाजवली. "घ्या हात खाली. आता खदान पाहिजे म्हणणाऱ्या कोण कोण आहेत? करा हात वर. लाजू नका."

सहा हात वर झाले. पहिला हात माझ्या सख्ख्या मोठ्या जावेचा, यसोदाबाईंचा. माझ्याकडे न बघता त्यांनी हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. बाकी पाच जणीही आमच्याच टोलीतल्या.

"एक्केचाळीस विरुद्ध सहा!" मी म्हटलं. "संपला विषय. बेलवाहीच्या बाया खदानीला नाही म्हणतात. मंगळवारी ग्रामसभेत साहेबासमोर हेच हात असेच वर करायचे. चला, उठा. उन्हं उतरली."

आमच्या टोलीतल्या बाया पदर झटकत उठल्या. गोंड टोलीतल्या उठल्या नाहीत. पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत बसलेली रासोबाई उसेंडी तोंडातली काडी काढून म्हणाली, "दुरपता, त्या सहा जनींचं काय?"

"काय म्हणजे? त्या हरल्या."

"हरल्या? आपून का कबड्डी खेळून राह्यलो?"

सगळ्या खो खो हसल्या, मीपण हसले. हसण्यावारी नेलं आणि चपला घालून घरी निघाले. माझं तेव्हा असंच होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. बावीस वर्षं झाली त्याला, मी तेहतीसची होते. सातवी पास, बचत गटाची अध्यक्ष, आणि आपल्यासारखी हुशार बाई अख्ख्या तालुक्यात नाही अशी माझी खात्री.

बेलवाहीत दोन टोल्या. खालची आमची. कुणबी जास्त, थोडी घरं ढिवरांची आणि बौद्धांची. वरची गोंडांची, पहाडाच्या पायथ्याशी. मधे फर्लांगभर रस्ता, पण माझ्या सासूबाई उभ्या जन्मात वरच्या टोलीत पाणी प्यायल्या नाहीत. मी प्यायले तर घरात दोन दिवस अबोला. वरच्या टोलीतल्या साठीच्या बाईला आमच्याकडचं शेंबडं पोरगंसुद्धा 'तू' म्हणायचं. मी एकदा रासोबाईला 'तुम्ही' म्हणाले, तर ती मागे वळून बघायला लागली. "कोनाले बोलते वं? माह्या मागं कोनी उभं आहे का?" तेव्हापासून मी तिला रासोमाय म्हणायला लागले आणि 'तू'च म्हणत राहिले. पण आता ते पोरीनं मायला म्हणावं तसं होतं.

आम्हा दोन टोल्यांच्या बायांना एकत्र आणलं ते त्या पहाडानंच. सरपण आणायला गेलेल्या वरच्या टोलीतल्या बायांना पहाडावर चुना लावलेले दगड पुरलेले दिसले. चार दिवसांनी ग्रामपंचायतीच्या दारावर कागद लागला. तो वाचून घ्यायला रासोबाई वीसेक बाया घेऊन थेट माझ्या अंगणात आली. कागदात लिहिलं होतं की गिट्टीच्या खदानीसाठी पहाड एका कंत्राटदाराला द्यायचा आहे, त्यासाठी ग्रामसभेची संमती लागते.

मी वाचून दाखवलं. रासोबाई म्हणाली, "तिथं आमचा पेन आहे. देव." मी म्हणाले, "आणि पहाडाचं पाणी आमच्या बोडीत येतं. बोडी आटली तर आमचा धान गेला." बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव, सगळ्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, तिच्या जिवावर. तेव्हा त्यांचा देव आणि आमचा धान एकाच पहाडावर आहेत हे आम्हाला त्या अंगणात कळलं. पुढचे तीन महिने आम्ही एकमेकींच्या टोलीत जात-येत राहिलो. कागद वाचणं, तालुक्याला जाणं, साहेबाशी बोलणं माझ्याकडे. माणसं जमवणं त्यांच्याकडे. रासोबाईनं "या" म्हटलं की घरटी एक बाई यायचीच.

गोटुलातून घरी आले तर जाऊबाई त्यांच्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. आमची घरं भिंतीला भिंत लागून. भाऊजी वारून चार वर्षं झाली होती. एकुलता मुलगा ज्ञानेश्वर तेलंगणात मिरची तोडायला जायचा, वर्षाचे सात महिने तिकडेच. त्याला खदानीवर ड्रायव्हर म्हणून घेऊ, असं कंत्राटदाराचा माणूस सांगून गेल्याचं माझ्या कानावर होतं. मी आपली दोन आणि दोन चार करून बसलेली.

"जाऊबाई," मी म्हणाले, "अख्ख्या गावासमोर माझं नाक कापलंत."

"तुहं नाक जागेवर आहे," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आरशात पाह्य."

"ज्ञानेश्वरच्या नोकरीसाठी बोडी आटवायची?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. पण मी थांबले कुठे? मीच पुढे म्हणाले, "असू द्या. तुमच्या सहांनी काही अडत नाही. आम्ही एक्केचाळीस आहोत." त्यांनी परत सूप उचललं.

मंगळवारी शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. एप्रिलचं ऊन. तालुक्याचे साहेब जीपमधून आले, बारीक अंगाचे, घामाघूम, स्वभावानं वाईट नसलेले. दोन वाजता त्यांची दुसऱ्या गावात सभा होती, ते त्यांनी आल्या आल्या सांगितलं. माणसं सवाशे जमली. पुरुष चिंचेखाली, बाया शाळेच्या पडवीच्या सावलीत, आणि अगदी मागे, भिंतीला टेकून, जाऊबाई आणि त्यांच्या पाच जणी.

साहेबांनी कागद वाचला. रस्ता होईल, रोजगार मिळेल. मग म्हणाले, "ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करावेत."

अडतीस हात. बत्तीस पुरुष खालच्या टोलीतले, त्यात आमचे हेसुद्धा, ट्रॅक्टर खदानीवर लागेल म्हणून. आणि मागच्या त्या सहा जणी. मला काळजी नव्हती. एकट्या बायाच आम्ही एक्केचाळीस होतो.

"विरोधात?"

मी ताठ हात वर केला आणि मागे वळून पाहिलं. माझ्या टोलीतल्या बायांचे हात वर होते. वरच्या टोलीतल्या सव्वीस बाया हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. एकीचाही हात हलला नाही. त्यांचे पुरुषही चिंचेखाली तसेच बसलेले.

"रासोमाय!" मी ओरडले. "हात! हात वर कर!"

रासोबाईनं नुसती मान हलवली. नाही.

"अडतीस विरुद्ध पंधरा," साहेब म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

तीन महिने ज्यांच्यासाठी उन्हातान्हात पायपीट केली त्यांनी असा दगा द्यावा! डोळ्यांत पाणी आलं, रागानं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण साहेबांचं पेन कागदाला टेकतंय हे दिसलं आणि मी चार ढांगांत टेबलापाशी गेले. ठरावाचं रजिस्टर उचललं. विद्या आहे, म्हणून आधी कपाळाला लावलं. मग खाली जमिनीवर बसले आणि मांडीखाली घेतलं.

"अहो बाई! शासकीय दस्तऐवज आहे तो!"

"माहीत आहे साहेब. म्हणून तर आधी पाया पडले."

पुरुषांत हशा पिकला. आमचे हे तिकडून डोळे वटारत होते. मी त्या बाजूला बघितलंच नाही. "साहेब, माणसं किती बसलीत? सवाशे. हात किती वर झाले? त्रेपन्न. बाकीची बहात्तर माणसं काय दगड आहेत?"

"त्यांनी मत दिलं नाही, तर मी काय करू?"

"विचारा त्यांना."

साहेबांनी कपाळाचा घाम पुसला आणि वरच्या टोलीकडे वळून विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे? हो की नाही?"

रासोबाई उठून उभी राहिली. साहेबासमोर ती कधी बोलली नव्हती. "आमचं व्हायचं आहे," ती म्हणाली.

"काय व्हायचं आहे?"

"बोलनं."

एवढं बोलून ती वळली आणि पडवीच्या टोकाशी, मागच्या त्या सहा जणींसमोर, भर उन्हात जाऊन बसली. तिच्या मागोमाग बाकीच्या पंचवीस बाया उठल्या आणि तिथे जाऊन बसल्या. चिंचेखालच्या गोंड पुरुषांनी बिड्या काढल्या. घाई कुणालाच दिसत नव्हती.

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "बसा साहेब. आमचं झालं नाही." म्हणाले खरी, पण काय झालं नाही हे मलाच समजत नव्हतं. रजिस्टर छातीशी धरून मी तिकडे धावले.

"रासोमाय, काय लावलंय हे? गोटुलात ठरलं होतं ना!"

"कुठं ठरलं? तू मोजलं अन् उठून गेली. मी इचारलं तुले, सहा जनींचं काय. तू हसली."

"अगं, बहुमत होतं!"

"आमच्यात नाई चालत ते. एक जन बी नाई म्हनला तं बसाव लागते. आज, उद्या, परवा. समदे एक होईपर्यंत." मग ती माझ्याकडे पाठ करून जाऊबाईंकडे वळली. "यसोदा, तुले काय पायजे?"

"तिला पोरासाठी नोकरी पाहिजे, दुसरं काय!" मी मधेच तोंड घातलं.

"मी तुले इचारलं का वं?"

आयुष्यात फार कमी वेळा मला कुणी असं गप्प केलं असेल.

जाऊबाई किती तरी वेळ बोलल्या नाहीत. कुणी त्यांना ढोसलंही नाही. आमच्याकडे कुणी एवढा वेळ गप्प राहिलं तर लोक उठून घरी जातात. इथे सव्वीस बाया डोक्यावर पदर ओढून शांत बसून होत्या.

शेवटी जाऊबाई म्हणाल्या, "मले असं कोनी इचारलंच नाई कधी. तयार जवाब नाई माह्याजवळ. थांब जराशी."

"थांबतो," रासोबाई म्हणाली.

मग जाऊबाई बोलायला लागल्या. आधी हळू, मग आवाज चढत गेला. "हे दुरपता तीन महिन्यापासून म्हनून राह्यली, पहाड गेला तं बोडी आटन. आटू दे ना! माह्या बांधीत येते का बोडीचं पानी? ह्या पाच जनींच्या येते का? सासऱ्याच्या टायमाले पाट होता. वावरातून सरळ माह्या बांधीपर्यंत, अन् तिथून ह्यांच्या. हिस्से झाले, अन् ह्या दुरपतानं अन् तिच्या नवऱ्यानं पाट नांगरून टाकला. बांधी वाढवली हातभर. सात साल झाले. पानी तिच्या धुऱ्यावर येऊन थांबते. आमी पावसाच्या भरवशावर. अर्धा धान पोचट. पानी असतं तं माहा पोरगा मिरचीले कायले गेला असता? अन् हे मले म्हनते, बोडी वाचवा! कोनाची बोडी?"

मला कुणी कानशिलात वाजवली असती तरी बरं वाटलं असतं. पाट. तो पाट मी विसरलेच होते. नांगर फिरला तेव्हा मी धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, उभी राहून खूश झाले होते, बांधी सरळ झाली म्हणून. पुढच्या वावरवाल्या पुरुषांशी आमच्या ह्यांची दोन-तीनदा तोंडातोंडी झाली होती. 'वावर माझं, नांगर माझा,' हे म्हणाले होते. मला वाटलं, मिटलं. त्या सहाही जणींची वावरं माझ्या धुऱ्याच्या पलीकडची आहेत, हे गोटुलात त्यांचे हात मोजतानासुद्धा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सगळ्या गावाचं पाणी वाचवायला निघालेली मी, आणि पाणी अडवून बसलेलीही मीच!

पण मन मोठं द्वाड असतं. लाज वाटली की ते आधी भांडायला उठतं. मी रासोबाईला म्हणाले, "हे आमच्या घरातलं भांडण आहे. घरोघरी मातीच्या चुली. ते आम्ही घरात मिटवू. एका पाटापायी तू अख्खा पहाड घालवणार? तुझा देव आहे तिथे!"

"आहे," रासोबाई म्हणाली. "माही सासू मेली तवा तिचा दगड बसवून तिले तिथंच देवात मिळवलं आमी. माहा बी दगड तिथंच बसन."

"मग?"

"तरी बी यसोदेले दाबून मी 'नाई' म्हननार नाई." तिनं माझा हात धरून मला खाली, मातीत, आपल्या शेजारी बसवलं. "दुरपता, तुले मोजनं लय आवडते. मोज बरं. बेलवाहीत आमी गोंड जास्त. तालुक्यात मोज. जिल्ह्यात मोज. मुंबईले जाऊन मोज. तिथं आमी किती? तिथं आमीच त्या सहा जनी. जिथं जिथं हात मोजले, तिथं तिथं आमचं जंगल गेलं. आज मी तुह्यासंगं बसून यसोदेले मोजून बाजूले केलं, तं उद्या मले कोनी बाजूले केलं, तवा मी कोन्या तोंडानं बोलू?"

तीन महिने मी ह्या बाईला कागद वाचून दाखवत होते.

ऊन डोक्यावर आलं होतं. साहेब पडवीत खुर्ची ओढून वर्तमानपत्रानं वारा घेत बसले होते. मी उठले आणि तिथूनच चिंचेकडे हाक मारली, "अहो! इकडे या जरा."

हे आले, रागानं लालबुंद. "घरी चल. शोभा करून राह्यली गावात."

"शोभा सात वर्षांपूर्वीच झाली. तेव्हा आपल्याला दिसली नाही, एवढंच. पाट परत काढायचा. आपल्या बांधीतून, होता तिथूनच. हो म्हणा."

ह्यांनी आधी माझ्याकडे, मग पदर घेतलेल्या त्या सगळ्या बायांकडे पाहिलं. मग नजर जाऊबाईंवर गेली. "वयनी," हे म्हणाले, आवाज एकदम उतरलेला, "हिस्से झाले तवा तुमी एका शब्दानं बोलल्या असत्या तं..."

"कोनाले बोलू, भाऊजी? तुमी चौघं बाहेर बसून ठरवत होते. मी अंदर तुमच्यासाठी चहा करत होती."

ह्यांनी डोक्यावरचा दुपट्टा काढला आणि तोंड पुसलं. आमचे हे भांडकुदळ होते, पण खोटे नव्हते. दुपट्टा खांद्यावर टाकत म्हणाले, "काढू पाट."

"नुसतं काढू नाही," मी म्हणाले. मी जाऊबाईंपुढे बसले. "जाऊबाई, चूक झाली. पाट मोडला ती एक. आणि सात वर्षांत तुम्हाला काही विचारलं नाही, ती त्याहून मोठी. पाट निघेल. तुम्ही खदान पाहिजे म्हणालात तरी निघेल. आता तुमच्या मनात असेल ते बोला. मी मोजणार नाही."

जाऊबाईंनी त्यांच्या पाच जणींकडे पाहिलं. काही न बोलता त्यांच्यात काय ठरायचं ते ठरलं असावं. त्या भिंतीला हात टेकवून उठल्या, गुडघे दुखायचे त्यांचे, आणि चालत साहेबांच्या टेबलापाशी गेल्या. आम्ही सगळ्या त्यांच्या मागे.

"साहेब, लिहा," त्या म्हणाल्या. "यसोदाबाई किसन नाकाडे. खदान नाई पायजे."

साहेब सावरून बसले. "बरं. मग परत हात मोजतो."

"हात नाई," मागून रासोबाई म्हणाली. "नाव लिहा. एकेकीचं."

"अहो, दोन वाजता माझी दुसरी सभा..."

मी छातीशी धरलेलं रजिस्टर त्यांच्यासमोर ठेवलं. "साहेब, तिथे निरोप पाठवा. बेलवाहीचं व्हायचं आहे म्हणावं."

साहेबांनी मला आणि रासोबाईला आळीपाळीनं न्याहाळलं, जीपच्या ड्रायव्हरला हाक मारून निरोप दिला आणि पेन उघडलं. एकेक बाई पुढे येत होती, नाव सांगत होती. वरच्या टोलीतल्या कितीतरी जणींचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा कुठल्या सरकारी कागदावर त्यांच्या तोंडून सांगून लिहिलं गेलं. काही जणी नाव सांगून परत मागे जायच्या आणि पुन्हा येऊन बघायच्या, नीट लिहिलं का. वाचता येत नव्हतं, तरी बघायच्या.

पुरुषांचं व्हायला मात्र तीन वाजले. बोडीखालच्या वावरांचे मालक लवकर वळले, आमच्या ह्यांनीच त्यांच्याशी बोलणं केलं. चार-पाच जण अडून बसले होते. त्यांच्या शेजारी वरच्या टोलीतले म्हातारे जाऊन नुसते बसले. भांडले नाहीत की समजावलं नाही. विचारायचे आणि ऐकायचे. शेवटचा गडी पटला की भुकेनं दमला, देव जाणे. "लिहा बाप्पा, नाई लिहा," असं म्हणून त्यानं अंगठा दिला आणि तडक घरी जेवायला पळाला.

ठरावाखाली सवाशे नावं होती. साहेबांनी सही केली, शिक्का मारला आणि रजिस्टर मिटताना म्हणाले, "नोकरीला लागून सोळा वर्षं झाली. असा ठराव मी कधी लिहिला नाही." रागानं म्हणाले की कौतुकानं, हे मला आजही सांगता येणार नाही. तो कागद पुढे गेला. कंत्राटदाराची माणसं दोनदा आली, त्यांनी वेगवेगळ्या घरांत वेगवेगळं सांगून पाहिलं. पण ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, सगळ्यांना बसवा, मग बोलू. तिसऱ्यांदा ते आले नाहीत. चुना लावलेले दगड रासोबाईच्या सुनेनं चुलीला लावले.

पाट खणायला आम्ही दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. मला वाटलं होतं, हे आणि मी दोघंच असू. पण कुदळी घेऊन वरच्या टोलीतल्या बाया हजर. मी म्हणाले, "अगं, तुमचं काय ह्यात?" तर रासोबाई म्हणते, "सभेत समद्यांसमोर ठरलं ना? मग समद्यांचं काम." आमच्या बांधीची हातभर पट्टी गेली. खरं सांगते, पहिल्या दिवशी नांगरलेल्या जमिनीत कुदळ घालताना जिवावर आलं होतं. चौथ्या दिवशी नाही आलं.

ज्ञानेश्वर त्यानंतरही दोन वर्षं मिरचीला जात राहिला. सवय एकदम सुटत नाही. तिसऱ्या वर्षी नाही गेला. आता त्याची मुलं शाळेत आहेत.

पाटानं पहिलं पाणी जाऊबाईंच्या बांधीत उतरलं त्या सकाळी आम्ही दोघी धुऱ्यावर उभ्या होतो. पाणी भेगांत शिरत होतं, बुडबुडे येत होते. जाऊबाई चपला काढून बांधीत उतरल्या, चिखलात पाय रोवून उभ्या राहिल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "दुरपते, एक इचारू का?"

"विचारा."

"तू पाट काढते म्हटलं, तरी बी मी त्या दिवशी खदान पायजे असंच म्हटलं असतं तं?"

मी विचार केला. खरंच केला. त्या काळात मला ती सवय नवी होती.

"तर अजून तिथंच बसून असतो आपण," मी म्हणाले. "रासोमाय समोर, आणि मी तिच्या बाजूला."

"सात जनम?"

"जेवढे लागतील तेवढे."

जाऊबाई हसल्या. मग वाकून त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि मला म्हणाल्या, "ये ना मग अंदर. कवाची बाहेर उभी आहेस."